‘जस्ट’चा तक्क्या

शाळेत ‘जस्ट’ या शब्दाशी माझी ओळख झाली ती एका वाक्यातून. ‘ही हॅज जस्ट कम’. तो नुकताच आला आहे. बाईंनी ते फळ्यावर लिहिले, आम्ही ते घोकले, परीक्षेत ते आले आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले. तो ‘ही’ कोण, कोणत्या गावाहून आला, आल्यावर त्याला कुणी पाण्याचा तांब्या तरी पुढे केला की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. पुढे कित्येक वर्षे तो बिचारा माझ्या मनाच्या उंबऱ्यावर नुकताच येऊन उभा होता.

त्यानंतर मी बरेच शिकले. विद्यापीठातून प्राचीन भारताच्या इतिहासात एम.ए. केले, शब्दकोश मांडीशी घेऊन जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचले, मंदिरस्थापत्यावर एक प्रबंधही लिहायला घेतला. मग लग्न झाले, सासूबाईंचे दीर्घ आजारपण आले, मुलीच्या शाळा सुरू झाल्या, आणि प्रबंध कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. इंग्रजी वाचताना माझे डोळे कुठे अडखळत नसत. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटे. खरे सांगायचे तर मी मराठीतही फारशी बोलत नाही. घरी चार माणसे जमली की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम शोधते, आणि नसले तर काढते.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात दुपारी एकदम लांबल्या. त्या मोकळ्या दुपारी मला ‘जस्ट’ सगळीकडून ऐकू येऊ लागला. नळाला पाणी येण्याच्या दिवशी शेजारच्या वहिनी भिंतीवरून ओरडत, “जस्ट आलंय हो पाणी, मोटर लावा!” आमचे हे खांद्यावर पंचा टाकून, अंघोळीला जाता जाता फोनवर सांगत, “जस्ट निघालोय, पोचतोच.” मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणे, “आई, तू जस्ट ऐक ना माझं!” कोपऱ्यावरचा साडीवाला हात जोडून म्हणे, “ताई, घेऊ नका, जस्ट बघून जा.” यांतल्या एकाच ठिकाणी कुणीतरी नुकतेच आले होते, तेही पाणी. बाकी सगळीकडे हा शब्द भलतेच काहीतरी करत होता, आणि मला, शिकलेल्या बाईला, त्याचा पत्ता नव्हता.

अशातच ह्यांनी वर्तमानपत्रात वाचले की वेरूळला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना इंग्रजीतून लेणी दाखवू शकतील अशी माणसे तयार करणारा एक खाजगी वर्ग शहरात निघाला आहे.

“वयाची अट नाही म्हणे,” हे म्हणाले. “तुझ्यासाठीच छापलंय.”

“छे, नको. मला कुठं जमतंय ते.”

“बरं,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी परस्पर माझे नाव घालून आले. आमच्या घरात माझे ‘नको’ कसे वाचायचे हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झाले आहे.

त्यांना दुसरेही एक ठाऊक होते. एम.ए.च्या सहलीत मी पहिल्यांदा कैलास लेण्याच्या अंगणात उभी राहिले होते. एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेले ते अख्खे देऊळ पाहताना माझ्या मनात एकच इच्छा आली होती, की हे कुणालातरी मी दाखवावे. इथे, याच अंगणात उभे राहून, माझ्या तोंडाने. ही गोष्ट मी लग्नानंतर ह्यांना एकदाच सांगितली होती, तीही अर्धवट.

वर्ग घेणाऱ्या मॅडम केरळच्या होत्या. त्यांचे यजमान वाळूजच्या कारखान्यात नोकरीला होते, म्हणून त्या इथे आलेल्या. मराठीचा त्यांना गंध नव्हता, त्यामुळे आमची लपायची जागाच गेली. वर्गात बहुतेक तरुण मुले-मुली. वयाने जाणते असे दोघेच, एक मी आणि दुसरे शहरातल्या एका जुन्या हिमरू शालींच्या दुकानाचे मालक. त्यांनी हयातभर परदेशी गिऱ्हाइकांना शाली विकल्या होत्या. त्यांच्या इंग्रजीत क्रियापद क्वचित येई, पण समोरच्याला शाल घ्यावीशी वाटे. माझ्या इंग्रजीत व्याकरणाची चूक सापडत नसे, आणि समोरच्याला घरी जावेसे वाटे.

मी तोंड उघडले की पहिला शब्द ठरलेला. आय जस्ट वॉन्ट टु से. जस्ट अ स्मॉल डाउट. आय ॲम जस्ट अ हाउसवाइफ. जस्ट टू मिनिट्स, मॅडम. माझ्या हे ध्यानातही आले नव्हते. एका सकाळी मी शिल्पातल्या गजलक्ष्मीविषयी काही सांगून खाली बसले, तेव्हा शालवाले दुकानदार माझ्याकडे वळून फार अदबीने म्हणाले,

“ताई, एक बात पूछूँ? बुरा नक्को मानो. तुम ये हर बात के पीछे जस्ट कायकू लगाते?”

“कुठं लावते?”

“अब्बी लगाए ना! तक्क्या लगाके बैठते वैसा. पीठ के पीछे एक जस्ट, बाजू में एक जस्ट. तक्क्या निकाले तो क्या गिर जाते तुम?”

सगळा वर्ग हसला. मॅडमना कळावे म्हणून एका मुलीने ते इंग्रजीत सांगितले, मग मॅडमही हसल्या. मी हसले नाही, कारण मला त्याच क्षणी दिसले की हा माणूस बरोबर बोलतो आहे.

त्या दिवसापासून मी त्या शब्दाच्या मागे लागले. कुठे लिहून काढायचे नव्हते. कामे चालली असताना मनात घोळवत राहायचे. मला आढळले की इंग्रजांनी या एका लहानशा शब्दात आपल्याकडची किती तरी बिऱ्हाडे कोंबली आहेत. दूध आत्ताच उतू गेले, तिथेही तोच. डब्यातली साखर आजच्या चहापुरती जेमतेम उरली, तिथेही तोच. आमटी अगदी सासूबाईंच्या हातची वाटली, तर ‘जस्ट लाइक’. मुलीला विचारावे, का रडतेस, तर म्हणेल, ‘जस्ट’, म्हणजे उगीच. कुणाला जवळ बोलवायचे तर ‘जस्ट कम हिअर’, म्हणजे जरा ये इकडे. तो ‘जरा’ हुकमाची धार काढून टाकतो. आणि एखादी गोष्ट शब्दांपलीकडे गेली की इंग्रज माणूस ‘जस्ट वंडरफुल’ म्हणतो, तेव्हा त्याला आपल्यासारखेच ‘निव्वळ’ म्हणायचे असते. न्यायी राजालाही ‘जस्ट’ म्हणतात खरे, पण तो चुलत घरातला शब्द. नाव तेच, चूल वेगळी.

एवढी मोठी मालमत्ता त्या शब्दाजवळ होती, आणि मी त्याच्याकडून काय घेत होते? ‘फक्त’ आणि ‘जरा’. मी फक्त गृहिणी. मला जरा बोलू द्या. ‘अगदी’, ‘निव्वळ’, ‘नेमके’ यांना मी कधी हातही लावला नव्हता. भाकरी थापता थापता हे लक्षात आले आणि माझी भाकरी फाटली.

वर्ग संपत आला तेव्हा मॅडमनी एक बातमी आणली. इंग्लंडहून हौशी चित्रकारांचे एक मंडळ येणार होते. वेरूळला काही दिवस मुक्काम करून ते लेण्यांची रेखाटने करणार होते. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाने त्यांना कैलास दाखवायचा, आणि तो माणूस त्यांना पसंत पडला तर पुढचे सगळे दिवस त्यानेच त्यांच्यासोबत राहायचे. वर्गातल्या कुणाचेही ते पहिले खरे काम ठरणार होते.

मॅडमनी वर्गभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. “कैलास तुम्ही घ्याल का?” त्यांनी इंग्रजीत विचारले. “तुमच्याइतकं त्याविषयी इथं कुणालाच माहीत नाही.”

इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या हक्काचे ताट वाढत होते. आणि मी काय केले? मी मान खाली घातली, हात तोंडाशी नेला, हसले आणि म्हणाले, “नो, नो, मॅडम. जस्ट गिव्ह टु समबडी एल्स.”

इथे वाचणाऱ्याला मी वेगळे सांगायला नको. पंगतीत बसल्यावर वाढणारी पहिल्यांदा पोळी घेऊन आली की आपण ताटावर हात आडवा धरतो. ती पुन्हा म्हणते, घ्या हो. आपण म्हणतो, नको, खरंच पोट भरलं. ती तिसऱ्यांदा वाकते, आणि मग आपण म्हणतो, बरं, अर्धीच. यात खोटेपणा नसतो. एकदम हो म्हणणारा हावरा दिसतो, एवढेच. मी हात आडवा धरला होता आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होते.

“फाइन,” मॅडम म्हणाल्या, आणि शालवाल्यांकडे वळल्या. “तुम्ही?”

“व्हाय नॉट, मॅडम! कैलास, हत्ती, लाइट, एव्हरीथिंग. नो प्रॉब्लेम!”

ताट माझ्यासमोरून उचलले गेले. मला बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या देण्याचे काम मिळाले.

मी घरी काही बोलले नाही. हे दोनदा विचारून गप्प बसले. त्या रविवारी आम्ही वैजापूरला माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे गेलो. त्यांच्या सुनेचे डोहाळजेवण होते. जाऊबाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि गप्प बसण्याची कला त्यांना अवगत नाही. पंगत बसली होती, जाऊबाई पुरणपोळ्यांची परात कमरेला लावून फिरत होत्या. सुनेच्या आईने, म्हणजे त्यांच्या विहीणबाईंनी, दोन्ही हात ताटावर पसरले.

“नको हो, आता जागाच नाही.”

“हात काढा, इहीणबाई. बोटांवरच वाढीन मग, भाजलं तर म्हनू नका.”

“अहो, खरंच नको.”

“व्हय, खरंच नाय,” म्हणत जाऊबाईंनी दोन बोटांच्या फटीतून पोळी सरकवली. पंगत हसली. विहीणबाईंनी डोळे मोठे केले आणि पोळी खाल्ली, तुपासकट.

मी पाहत होते आणि माझे डोळे भरून आले. जाऊबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. पंगत उठल्यावर त्यांनी मला मागच्या ओट्यावर गाठले.

“कामून गं, आज लई गप? म्हंजी रोजच्यापेक्षा गप?”

मी सगळे सांगितले. जाऊबाई परात मांडीवर घेऊन बसल्या.

“दुसऱ्यांदा इचारलंच नाय तिनं?”

“नाही.”

“अशी कशी गं मास्तरीण? पंगतीला बसवती अन् आग्रव नाय करत?” मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “पण थांब. तिला कसं कळावं? इहीणबाईचा हात ताटावर हुता अन् डोळं पोळीवर, ते मला दिसलं. का? तर मी तसल्याच पंगतीत म्हातारी झाले. त्या बाईला तुझा निस्ता हातच दिसला असंल.”

“मग आता?”

“आता काय? घरच्या बाईला कुणी आग्रव करतं का? ती सैपाकघरात येती अन् आपल्या हातानं वाढून घेती. जा, ताट घे अन् आत शिर.”

“आणि त्या बाई नाही म्हणाल्या तर?”

“तर तू आग्रव कर!” जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्या तोंडात पोळीचा घास कोंबला.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने वर्गाला गेले. वाटेत मनाशी एक वाक्य म्हणत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिले. वर्ग भरायच्या आधी मॅडम एकट्या होत्या. मी दारातच उभी राहून, बसायच्याही आधी, इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, मला कैलास हवा आहे.” वाक्य अगदी लहान होते आणि त्याला कुठेही टेकू नव्हता. माझ्याच आवाजाने मी दचकले.

मॅडमनी चष्मा काढला. “पण तुम्ही तर नको म्हणालात.”

“ते आमचं पहिलं नको होतं.”

“म्हणजे?”

“तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर मी थोडं हळू नको म्हटलं असतं. तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर मी घेतलं असतं.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी टेबलावर हात टेकला. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “आमच्याकडे सासूबाईंच्या घरी हेच चालतं. मला वाटलं, इंग्रजीच्या वर्गात सगळेजण इंग्रजी नको म्हणत असतील.” मग त्या गंभीर झाल्या. “पण मी ते दुसऱ्याला दिलंय. त्यांच्याकडून काढून कसं घेऊ?”

“मी विचारते,” मी म्हणाले. एकदा दारातून आत शिरल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

शालवाले नेहमीप्रमाणे अत्तराचा दरवळ घेऊन आले. मी त्यांनाही तेच वाक्य म्हटले, माझ्या हिंदीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

“क्या ताई! पैले दिन बोल्ते ना! मैं चार दिन से हत्ती, खंबे, सब घोट रऊँ. बीवी बोलती, नींद में बी हत्ती हत्ती कर रए तुम.”

“तुम्ही नको म्हणालात तर मी काही—”

“अब मैं कायकू नक्को बोलूँ? मेरेकू बी कैलास होना.” ते डोळे बारीक करून माझ्याकडे पाहू लागले, जणू मी दुकानात शाल चाचपून पाहते आहे. मग हसले. “मॅडम, हाफ हाफ! आउटसाइड मी, इनसाइड ताई. पार्टी सिलेक्ट.” आणि मला म्हणाले, “मगर एक शर्त है. वो तक्क्या घर पे रखके आना.”

मॅडमनी ते मान्य केले. अंगण आणि हत्ती त्यांचे. मूळ देऊळ, त्याच्या घडणीची हकिगत आणि दक्षिणेकडची शिल्पे माझी. पुढचे दिवस चित्रकारांसोबत कोण राहणार हे चित्रकारच ठरवणार.

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारची सकाळ ठरली होती. दौलताबादचा घाट चढताना मी खिडकीबाहेर पाहत होते आणि ह्यांनी डब्यात दिलेल्या बडीशेपेचे दाणे एकेक चावत होते. चित्रकार मंडळी आमच्या आधीच पोचली होती. त्यांत बहुतेक जण वयस्क होते. पांढऱ्या केसांची, उंच, पायात जाड बूट घातलेली एक बाई त्यांची प्रमुख होती. प्रत्येकाच्या काखेत कोरे कागद आणि घडीचे स्टूल.

शालवाल्यांनी अंगण असे काही रंगवले की मला धडकी भरली. हत्तीपाशी उभे राहून ते म्हणाले, “धिस एलिफंट, सोंड गॉन. व्हाय? हिस्टरी!” पाहुणे खो खो हसले. ध्वजस्तंभाची उंची दाखवताना त्यांनी शाल उलगडावी तसे दोन्ही हात पसरले. त्यांचे संपले तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे चेहरे माझ्याकडे वळले.

मी तोंड उघडले. जिभेच्या टोकावर तेच येऊन बसले होते, ‘आय जस्ट वॉन्ट टु...’ गर्दीच्या मागे शालवाले उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून आपल्या पाठीमागे हात नेला आणि तिथला एक अदृश्य तक्क्या उचलून बाजूला ठेवल्याचा आविर्भाव केला. मी तो शब्द गिळला.

“वर पाहा,” मी म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिले. शिखरावर तेवढे ऊन आले होते, खालचे सगळे देऊळ अजून सावलीत. मी सांगितले की हे बांधलेले नाही. इथे आधी डोंगर होता. माणसे त्याच्या माथ्यावर उभी राहिली आणि खाली उतरत गेली. इथला पहिला छिन्नीचा घाव कळसावर पडला आणि शेवटचे घाव या फरशीवर, जिथे आपण उभे आहोत. ज्याने कळस कोरला त्याने पाया पाहिलाही नसेल.

“पण वरूनच का सुरुवात?” टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थांनी विचारले.

याचे शास्त्रीय उत्तर मला पाठ होते. ते मी दिलेही, खडकाचा उतार, पडणाऱ्या दगडांची वाट, परांची-बांबूंचा पसारा वाचणे. त्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उजळले नाही. तेव्हा मी न ठरवलेले बोलले. “लोक एक दंतकथा सांगतात,” मी म्हणाले. “राजा आजारी पडला. राणीने नवस केला की तो बरा झाला तर शंकराचे देऊळ बांधीन, आणि त्याचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधायला वर्षे लागणार, आणि कळस येतो सगळ्यांत शेवटी. राणी तर उपाशी मरेल. तेव्हा एक कारागीर म्हणाला, मी कळसच आधी करतो.”

कुणीतरी हलकेच ‘ओ’ म्हणाले. मला कळले की माझे हात हलत आहेत. एरवी ते पदराला घट्ट धरून असतात.

“या गोष्टीत एक अडचण आहे, ती पुस्तकात सापडणार नाही,” मी पुढे म्हणाले. “आमच्याकडे जेवणाला दिलेला नकार कुणी खरा मानत नाही. मी परवाच माझ्या जाऊबाईंना पाहुणीच्या बोटांच्या फटीतून पोळी वाढताना पाहिले. म्हणजे राजाने, राजवाड्यातल्या सगळ्या बायकांनी, राणीला किती आग्रह केला असेल! घ्या, अर्धीच घ्या, आमच्यासाठी घ्या. आणि ती दर वेळी नाही म्हणाली. या डोंगरातला पहिला चमत्कार मला हाच वाटतो. आमच्या मुलखात एका बाईचे नाही सगळ्यांनी मानले, आणि त्यासाठी डोंगर कापला.”

हास्याचा असा कल्लोळ उठला की वरच्या खबदाडातली कबुतरे उडाली. पांढऱ्या केसांच्या बाई डोळे पुसत होत्या. मागून शालवाल्यांचा आवाज आला, “वा ताई!”

त्यानंतर मला थांबवणे अवघड झाले. मी त्यांना दक्षिणेकडच्या बाजूला नेले, जिथे रावण कैलास उचलतो आहे. तिथे उजेड कमी असतो; डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. मी त्यांना थांबू दिले. मग दाखवले, खाली रावणाचे हात कसे पर्वताला भिडलेत, वर पार्वती कशी शंकराला बिलगली आहे, दासी कशी घाबरून पळत सुटली आहे. “सगळे हादरले आहे,” मी म्हणाले, “आणि शंकर काय करतो? तो पर्वत दाबून धरतो. जस्ट विथ हिज टो.”

शब्द निसटून गेला होता. तो मी परत घेतला नाही. नुसत्या अंगठ्याने, सहज, बास, एवढेच पुरे. त्याच दोन अक्षरांच्या आड मी आयुष्यभर अंग चोरून बसले होते, आणि इथे त्यांच्या जोरावर अख्खा रावण दबला होता.

पांढऱ्या केसांच्या बाई शिल्पासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “इट्स जस्ट...” त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. त्यांनी शोधलाही नाही. मनात भाषांतर करायची माझी सवय आहे, पण त्या वेळी मीही काही शोधले नाही. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून पाहत होतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी विचारले, उरलेले सगळे दिवस तुम्ही आमच्यासोबत राहाल का? बाकीची लेणीही तुमच्याकडूनच पाहायची आहेत.

माझा उजवा हात वर येऊ लागला. मी तो पाहिला. छातीपर्यंत आला होता, आता आडवा होणार, ताटावर धरतात तसा. मान खाली झुकू लागली होती, ओठांवर ते हसूसुद्धा तयार होते. मी हात तिथेच वळवला आणि बाईंपुढे धरला.

“येस,” मी म्हणाले. “आय विल कम.”

त्यांनी हात हातात घेऊन जोरात हलवला. मॅडम लांबून पाहत होत्या. त्यांनी एक बोट वर केले आणि भुवया उंचावून विचारले, पहिल्यांदाच? मी मान डोलावली. शालवाले जवळ आले, मला आदाब केला आणि म्हणाले, “हम हारे ताई, मगर मज़ा आया. अब इनकू दुकान पे तो लाते ना? जस्ट देखने कू!”

पाहुणे स्टुले उघडून अंगणात बसले, कागदांवर पेन्सिली खरखरू लागल्या. मी जाऊबाईंना फोन लावला.

“किती डाव इचारलं?”

“एकदाच.”

“अन् तू?”

“हो म्हणाले.”

“पैल्याच डावाला?” मग त्या घरात कुणाला तरी ओरडून सांगत होत्या, “अगं, धाकली हावरी झाली गं! गूळ आण, तोंड गोड करा समदे!”

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने ह्यांचा फोन आला. जेवायला थांबलो आहे, कुठवर आलीस, असे विचारत होते. ऊन आता शिखरावरून उतरून सभामंडपाच्या छतावरच्या सिंहांपर्यंत आले होते, आणि ते खाली पोचेपर्यंत मला तिथून हलायचे नव्हते.

“जस्ट निघाले,” मी म्हणाले, आणि एका रिकाम्या स्टुलावर बसले.